आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

जेन्सन इंटरसेप्टर विकायला निघाली की जाहिरातीतला एक तरी फोटो मागून काढलेला असतो. कारण उघड आहे. या गाडीची मागची काच म्हणजे भलामोठा वळणदार घुमट आहे आणि डिकीचं झाकणही तीच. काच वर उचलली की सामानाची जागा पुढ्यात. १९६६ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ही गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली, आणि आजही माणसं त्या काचेवर भाळून आगाऊ रक्कम देऊन मोकळी होतात. देऊ नका. काच डोळे भरून बघा, मग गुडघे टेकून तिच्या खालचा पत्रा बघा.

हे लिहितोय ते हौशी पण साध्या माणसांसाठी. लंडनच्या आसपास, लेस्टरला किंवा बर्मिंगहॅमकडे स्थिरावलेले, मुलं मार्गी लागलेले, घराचं कर्ज फिटत आलेले मराठी लोक आता पुष्कळ आहेत. त्यांतल्या कुणाकुणाला लहानपणापासून जुन्या ब्रिटिश गाडीची ओढ असते. इकडे पुण्या-मुंबईत बसून परदेशातल्या लिलावांचे कॅटलॉग चाळणारेही आहेत. ज्यांच्या पदरी दहा गाड्या आणि दोन पगारी मेकॅनिक आहेत त्यांना माझा सल्ला नको. ज्यांची ही पहिली आणि बहुधा शेवटची अशी गाडी असणार, त्यांनी वाचावं.

इंटरसेप्टर निवडली ती एवढ्यासाठी की ॲस्टन मार्टिनचं नाव सिनेमामुळे घरोघरी गेलंय आणि किंमतही त्या मानाने चढलीय. जग्वार ई-टाइप तर सत्तर हजारांवर बनल्या. इंटरसेप्टर मात्र दहा वर्षांत साधारण ६,४०० बनल्या, तरी ती अजून मध्यमवर्गीय माणसाला निदान विचार करता येईल अशा भावात अधूनमधून विकायला येते. म्हणूनच धोका जास्त. परवडेल असं वाटतं, आणि माणूस तिथेच फसतो.

ही गाडी बनली बर्मिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रॉमविचला. ॲलन आणि रिचर्ड या जेन्सन बंधूंनी काढलेला कारखाना. पोटासाठी तो दुसऱ्यांची कामंही करायचा. ऑस्टिन-हीलीच्या बॉड्या तिथेच तयार होत. इंटरसेप्टरचा घाट काढला मिलानच्या टूरिंग या कंपनीने, पहिल्या काही बॉड्या बनवल्या तुरिनच्या विन्याले कारखान्याने, आणि नंतर सगळं काम वेस्ट ब्रॉमविचला आणलं. इंजिन अमेरिकेतून, क्रायस्लरचं. आधीची जेन्सन सीव्ही-८ फायबरग्लासची होती, ती गंजत नसे. इंटरसेप्टर पोलादी पत्र्याची झाली. दिसायला कितीतरी देखणी. पण तो पत्रा हाताने ठोकून, झाळून, घासून बसवलेला, आणि त्या काळात गंजरोधक लेपाची आजच्यासारखी पद्धत नव्हती. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. पुढचं सांगायला नको.

आता इंजिनाचं. बॉनेट उघडलं की ६.३ लिटरचं, नंतरच्या गाड्यांत ७.२ लिटरचं, आठ सिलिंडरचं धूड बघून नवखा माणूस दचकतो. हे बिघडलं तर कोण दुरुस्त करणार? खरं तर या गाडीत सर्वांत कमी काळजी करण्यासारखी वस्तू हीच आहे. हेच इंजिन क्रायस्लरने अमेरिकेत डॉज आणि प्लिमथ गाड्यांत भरमसाट संख्येने बसवलं. बीड लोखंडाचं, साधं, सोशिक. पिस्टनपासून पॅकिंगपर्यंत सगळं अमेरिकेत आजही नवं मिळतं. गिअरबॉक्स बहुतेक गाड्यांत टॉर्कफ्लाइट नावाचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक, तोही तितकाच दणकट. म्हणून इंजिन थकलेलं आणि पत्रा निकोप अशी गाडी मिळाली तर मी म्हणेन, भाव पाडा आणि घ्या. उलट इंजिन नवंकोरं आणि पत्रा सडका असेल तर फुकट दिली तरी विचार करा. इंजिन बाहेर काढून, उघडून, परत बसवायला किती खर्च येईल हे कारागीर लिहून देऊ शकतो. सडक्या पत्र्याचं तसं कुणी लिहून देत नाही, कारण जुना कापल्याशिवाय आत किती गेलंय ते त्यालाही कळत नाही.

या इंजिनाची एकच खोड: तापतं. एवढं मोठं इंजिन त्या जागेत कोंबल्यावर तापणारच. लंडनच्या किंवा मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगत गेलं की काटा वर सरकायला लागतो. रेडिएटर नवा की जुना, पंखे वेळेवर चालू होतात का, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नका. गाडी वीस मिनिटं चालवून आणा, मग उभी करून इंजिन चालूच ठेवा आणि काट्याकडे बघत शांतपणे गप्पा मारा. दुसरं, त्या उष्णतेने बॉनेटखालच्या वायरी आणि रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. पेट्रोलची नळी तडकली तर पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको. नळ्या सगळ्या बदला; आधीच्या मालकाने 'नुकत्याच बदलल्या' म्हटलं तरी बदला.

पत्रा कसा बघायचा ते नीट सांगतो, कारण पैसे तिथेच जातात. जाताना एक छोटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या. चाकांच्या कमानींच्या कडा, दारांच्या खालच्या कडा, पुढच्या चाकामागचा खालचा पत्रा आणि त्या देखण्या मागच्या काचेभोवतीची चौकट, सगळीकडे ते फिरवा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. वरून रंग आरशासारखा असला तरी. दारं उघडून दोन्ही हातांनी हलकेच वर उचलून बघा. बिजागरीपाशी खुळखुळली तर विचारा. दाराखाली, दोन चाकांच्या मधोमध जो आडवा खोका असतो तो सिल. गाडीचा कणखरपणा मोठ्या प्रमाणात त्यावर अवलंबून असतो. इंटरसेप्टरमध्ये त्यावर एक चकचकीत पट्टी बसवलेली आहे आणि ती सगळं झाकते. ती पट्टी काढून दाखवायला सांगा. 'तशी गरज नाही, नुकतंच काम केलंय' असं उत्तर आलं तर कामाचे फोटो मागा. सडका भाग कापून नवा पत्रा झाळणारा कुठलाही चांगला कारागीर काम चालू असताना फोटो काढून ठेवतो. त्याच्या बिलाला तोच पुरावा असतो. फोटो नाहीत म्हणजे बहुधा कापलं नाही, वरून चिकटवलं.

मग गाडी रॅम्पवर चढवायला सांगा. जॅकवर नव्हे, रॅम्पवर. जवळच्या गॅरेजला थोडे पैसे दिले तर अर्धा तास रॅम्प मिळतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं जिथे सांगाड्याला अडकतात, तिथे टॉर्च मारा. गालिचे उचलून पायाखालची फरशी बघा, स्टेपनीच्या खळग्यात हात घालून ओल लागते का पाहा. काळा जाड लेप ताजाताजा मारलेला दिसला तर खूश होऊ नका. विकायच्या महिन्यात मारलेला लेप गंज थांबवायला नसतो, दडवायला असतो. आणि हे सगळं पावसात करू नका. ओल्या गाडीचा रंग नेहमी चांगला दिसतो.

विक्रेत्याला भेटायची वेळ ठरवताना 'माझ्या येण्याआधी गाडी चालू करू नका' असं स्पष्ट सांगा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याला काहीतरी लपवायचं होतं, निदान थंड इंजिन चालू होताना काय होतं ते तरी. शक्य तर स्वतःच्या पैशाने एखादा जाणकार सोबत न्या. इंग्लंडात अशी तपासणी करून लेखी अहवाल देणारे लोक आहेत, आणि जेन्सन मालकांची स्वतःची संघटना आहे, जेन्सन ओनर्स क्लब. गाडी घेण्याआधीच तिचे सभासद व्हा. वर्गणीपेक्षा कितीतरी जास्त किमतीचं ज्ञान तिथे चहाच्या कपाबरोबर मिळतं, आणि कुठली गाडी कुणाकडे होती, कुणी तिला नीट सांभाळलं, हे जुन्या सभासदांना तोंडपाठ असतं.

लिलावात घेणार असाल तर कॅटलॉगची भाषा ओळखायला शिका. 'बरीच वर्षं कोरड्या गोदामात होती' याचा अर्थ ब्रेक अडकलेले, रबरी सीलं वाळलेली, टाकीत डांबर. 'जुनी पण छान दिसणारी दुरुस्ती' म्हणजे ज्याने काम केलं तो आता सापडत नाही. 'अभ्यासूंसाठी उत्तम प्रकल्प' या शब्दांपासून तर चार हात दूर राहा. आणि जे लिहिलेलं नाही त्याकडे जास्त लक्ष द्या. बाकी सगळं सांगून सिलबद्दल, फरशीबद्दल चकार शब्द नसेल, तर का नाही?

लिलावाच्या बोलीत अजून एक गोम आहे. हातोडा पडतो ती रक्कम तुम्ही देत नाही, त्याहून जास्त देता. खरेदीदाराकडून लिलावगृह आपलं कमिशन घेतं आणि त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट. समजा बोली ५०,००० पौंडांवर थांबली आणि कमिशन १५ टक्के आहे. कमिशनचे ७,५००, त्यावर व्हॅट १,५००. खिशातून गेले ५९,०००. वाहतूक वेगळी. म्हणून घरी बसून आधी शेवटचा आकडा ठरवा, त्यातून मागे मोजत बोलीची मर्यादा काढा, ती कागदावर लिहून बायकोच्या किंवा नवऱ्याच्या हातात द्या. सभागृहातली गरमी वाईट असते.

'अहो, गुंतवणूक आहे ही,' असं सांगणारे भेटतीलच. ब्रिटनमध्ये गाडी विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही, हे खरं आहे, आणि दलाल ते मोठ्या तोंडाने सांगतात. पण तिथला कायदा ही सूट का देतो? कायद्याच्या नजरेत मोटारगाडी ही झिजत जाणारी वस्तू आहे म्हणून. त्यामुळे नुकसान झालं तर तेही दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या गाड्यांचे भाव वेड्यासारखे चढले आणि नव्वदी उजाडताच कोसळले. कर्ज काढून घेणारे तेव्हा होरपळले. या गाडीसाठी कर्ज काढू नका. पीएफला हात लावू नका. चार मित्रांनी मिळून 'एक-एक हिस्सा' घ्यायच्या योजना तर दुरूनच नमस्कार करण्यासारख्या; पत्रा कापायची वेळ आली की हिस्सेदार फोन उचलत नाहीत. जितक्या पैशात गाडी घ्याल, त्याच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतके पैसे पहिल्या दोन वर्षांसाठी वेगळे ठेवा. हा माझा ठोकताळा आहे, कुठल्या पुस्तकातला नियम नाही.

पेट्रोलचा हिशेबही करून ठेवा. ही गाडी लिटरला चार, फार तर साडेचार किलोमीटर जाते. मुंबईहून पुण्याला यायला पस्तीस लिटर. १९७३ च्या तेलसंकटाने जेन्सनचं कंबरडं मोडलं ते काही उगाच नाही. १९७५ मध्ये कंपनी वसुली अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेली आणि १९७६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना काही सोयी आहेत. चाळीस वर्षांवरच्या गाडीला अर्ज केला की रस्ता कर शून्य होतो, आणि त्या वर्गात नोंद झाली की लंडनच्या युलेझचं, म्हणजे धुराबद्दल जुन्या गाड्यांना पडणारं शुल्कही लागत नाही. मोठे बदल केलेले नसतील तर २०१८ पासून दरवर्षीची एमओटी तपासणीही माफ आहे. या शेवटच्या सवलतीकडे मात्र संशयाने बघा. सक्ती गेल्यापासून काही गाड्यांच्या खाली कुणी डोकावलेलंच नाही. विक्रेत्याला सांगा, स्वेच्छेने एमओटी करून दे, मग पैसे देतो. तिचा खर्च साठ पौंडांच्या आत आहे, आणि तेवढ्यालाही तो नाही म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं. २००५ पासूनच्या एमओटीच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून कुणालाही फुकट बघता येतात: किती मैल, कुठे गंज, काय सुचवलं होतं. दहा वर्षांपूर्वी 'सिल गंजलेलं' अशी सूचना असेल आणि नंतर त्याच्या दुरुस्तीचं बिल फाइलमध्ये नसेल, तर तो गंज गेलेला नाही. विमा घेताना बाजारभावाचा घेऊ नका. आधी रक्कम ठरवून लेखी घेतलेला घ्या.

आता एक थोडं विषयांतर, कारण मोह आवरत नाही. इंटरसेप्टरची एक मोठी बहीण होती, एफएफ. नाक थोडं लांब, पुढच्या चाकामागे हवेच्या झरोक्यांची जोडी. साध्या गाडीत झरोका एकच. या एफएफला चारही चाकांना ताकद जायची आणि ब्रेक लावताना चाकं घसरू नयेत म्हणून डनलॉपची मॅक्सारेट यंत्रणा होती, जी मूळची विमानांसाठी केलेली. हे १९६६ साली. रस्त्यावरच्या गाड्यांत चारचाकी ताकद रुळवणारी ऑडी क्वात्रो आली १९८० मध्ये. यातलं एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला, आणि हा फर्ग्युसन तोच, ज्याचं नाव आपल्याकडच्या शेतकऱ्याला मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवर वाचून ठाऊक आहे. यंत्रणेच्या रचनेमुळे ही गाडी फक्त उजव्या हाताच्या स्टिअरिंगचीच बनली, त्यामुळे अमेरिकेत विकता आली नाही, आणि एकूण ३२० वरच थांबली. इतिहास म्हणून ती थोर आहे. पण पहिली गाडी म्हणून एफएफ घेऊ नका. घ्यायचीच असेल तर मॅक्सारेट चालू आहे का, की कुणी गुपचूप बाजूला करून ठेवलंय, हे आधी विचारा. तसंच इंटरसेप्टरच्या एसपी या तीन कार्ब्युरेटरवाल्या प्रकाराचं. ती मुळात थोडी बनली, पण कार्ब्युरेटर कुठल्याही गाडीवर चढवता येतात. चासी नंबर जुन्या नोंदींशी जुळवून बघितल्याशिवाय जादा पैसे मोजू नका. छत उघडणारी गाडी फोटोत सगळ्यात सुंदर दिसते, आणि ओल धरायलाही तीच पुढे. मला विचाराल तर मार्क थ्री, म्हणजे इंटरसेप्टरची तिसरी आवृत्ती, ७.२ लिटर, ऑटोमॅटिक, लोखंडी छप्पर, एकाच माणसाकडे बरीच वर्षं राहिलेली आणि जाडजूड बिलांची फाइल असलेली. रंग नावडता असला तरी चालेल.

भारतात आणायचा विचार असेल तर गाडी ठरवण्याआधी कागद ठरवा. वापरलेल्या गाड्यांची आयात आपल्याकडे सरसकट खुली नाही, आणि विंटेज गाड्यांच्या सवलतीची सालाची अट मधल्या काळात बदललेली आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाची त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना स्वतः वाचा, मग कस्टम्स हाउस एजंटकडून शुल्काचा अंदाज लेखी घ्या. शुल्क आणि कर मिळून रक्कम गाडीच्या किमतीलाही मागे टाकू शकते. गाडी बंदरात उभी राहून भाडं चढत असताना हे शोधत बसणं फार महाग पडतं. नोंदणीसाठी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. आयात गाडीसाठी कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री लागतं. पण त्या नंबरवर रोज ऑफिसला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल १० टक्क्यांवर गेलं तेव्हाच जुन्या गाड्यांचे मालक महागड्या ५ टक्केवाल्या पेट्रोलकडे वळले, कारण इथेनॉल जुनं रबर खातं आणि ओल धरून टाकीला आतून गंजवतं. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, पेट्रोल पंपाचे पडदे आणि कार्ब्युरेटरचे किट गाडीबरोबरच मागवा, आणि कागदांत ते वेगळे दाखवा. कार्ब्युरेटर उघडायला न घाबरणारा जुना फिटर आधीच गाठून ठेवा, आणि जमलं तर त्याला गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल छापून द्या. या गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. त्याच्याकडे पूर्ण संच नसेल तर तोही तिकडूनच घ्या. मिलिमीटरचा पाना जोर लावून बसवला की बोल्टचं डोकं गोल होतं, आणि मग अर्ध्या तासाच्या कामाला आख्खा दिवस जातो.